महागाईचा आकडा घरच्या वहीत कसा उतरवावा

2025 च्या ऑक्टोबर महिन्यात देशातली किरकोळ महागाई 0.25 टक्क्यांवर आली. 2012 हे आधारवर्ष धरून चाललेल्या मालिकेतला हा सगळ्यात कमी आकडा. अन्नपदार्थांचे भाव तर आदल्या वर्षीपेक्षा 5.02 टक्क्यांनी उतरले होते. दिलाशाच्या बातम्या झाल्या. त्याच दिवसांत हिंगोली जिल्ह्यात अतिवृष्टीतून वाचलेलं सोयाबीन मोंढ्यावर येत होतं, आणि केंद्राने जाहीर केलेल्या 5,328 रुपयांच्या हमीभावाच्या बरंच खाली विकलं जात होतं. ज्या कारणाने शहरातल्या घराला दिलासा मिळाला, त्याच कारणाने इथल्या नरसी नामदेव गावच्या शेतकऱ्याची पट्टी हलकी झाली.

नरसीसारख्या गावात महागाईचा आकडा वाचायची रीत वेगळी हवी, ती एवढ्यासाठी. इथलं बहुतेक घर अन्न विकतंही आणि अन्न विकत घेतंही. सोयाबीन आडतीवर घालायचं आणि येताना तेलाचा पुडा आणायचा, तूर विकायची आणि डाळ आणायची. एकाच आकड्याला दोन बाजू आहेत, आणि घराची तब्येत कळायला दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. ते कसं करायचं, त्यासाठी हा लेख.

आधी हा आकडा बनतो कसा ते पाहू. सरकारचं सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या साधारण 12 तारखेला मागच्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं. 2012 च्या मालिकेत त्यासाठी देशभरातून 1,181 गावांतले आणि 1,114 शहरी बाजारांतले भाव गोळा केले जात. माणसं ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव लिहून आणतात. मग प्रत्येक वस्तूला तिचं वजन दिलं जातं, म्हणजे सरासरी घराच्या शंभर रुपयांतले किती त्या वस्तूवर जातात ते. ग्रामीण भागासाठी खाण्यापिण्याचं वजन 54.18 होतं, शहरासाठी 36.29. घरभाड्याला शहरात 21.67 आणि गावात शून्य. फेब्रुवारी 2026 पासून 2024 हे आधारवर्ष धरणारी नवी मालिका आली. ती 2023-24 च्या कुटुंब खर्च सर्वेक्षणावर बेतलेली आहे आणि तिच्यात अन्नाचं वजन बरंच उतरलं आहे. लोकांच्या खर्चाची रीत बदलली, तशी टोपलीही बदलली.

या वजनांमुळे एक गंभीर गोष्ट घडते. हळद घ्या. आपल्या जिल्ह्याचं हे मोठं पीक. हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतची बाजारपेठ यांवर इथली मोठी उलाढाल उभी आहे. 2022 साली सहा-सात हजार रुपये क्विंटलच्या आसपास अडकलेली हळद 2024 च्या उन्हाळ्यात पंधरा हजारांच्या पुढे गेली. बीटात ज्याची कांडी लागली, त्याच्या घरात त्या वर्षी लग्न झालं, विहीर झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. देशाच्या निर्देशांकात मात्र 2012 च्या मालिकेत सगळ्या मसाल्यांचं मिळून वजन अडीच टक्के होतं, आणि त्यातला एक तुकडा हळदीचा. आपल्यासाठी जी सगळ्यात मोठी आर्थिक घटना, ती त्या आकड्यात जेमतेम उमटते. आकडा खोटा नाही. तो आपल्याबद्दल बोलतच नाही.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव वाढण्याचा वेग मंदावला, एवढाच तिचा अर्थ. शिवाय हा वेग मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढलेला असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये महागाई 6.21 टक्के होती आणि अन्नाची तर 10.87. भाजीपाला, लसूण, कांदा चढा होता. त्या उंचीवरून मोजलं म्हणून ऑक्टोबर 2025 चा आकडा एवढा खाली दिसला. म्हणून बातमी वाचताना दोन आकडे शोधावेत, या वर्षीचा आणि मागच्या वर्षी त्याच महिन्याचा. दोन्हींची बेरीज केली की दोन वर्षांत ओझं साधारण किती वाढलं ते कळतं. ऑक्टोबरचंच उदाहरण घेतलं तर सव्वासहा आणि पाव, म्हणजे दोन वर्षांत साडेसहा टक्क्यांच्या आसपास. हा अंदाज पुरेसा असतो.

आता नरसीतल्या एखाद्या किराणा दुकानाच्या फळीसमोर उभी असलेली तीन माणसं डोळ्यांपुढे आणा. जिल्हा परिषदेचे गुरुजी, शेतावर रोजाने जाणारी बाई आणि चार एकरांचा शेतकरी. तिघे एकाच भावाने तेल घेतात. पण भाववाढीची भरपाई तिघांना तीन वाटांनी येते. गुरुजींचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावरून ठरणाऱ्या केंद्राच्या दरामागोमाग वाढतो. तो निर्देशांक लेबर ब्युरो काढतो, 2016 चं आधारवर्ष धरून. मजूर बाईंसाठी वेगळा, शेतमजुरांचा निर्देशांक आहे. रोजगार हमीच्या मजुरीचा दर त्याच्याशी जोडला गेला. महाराष्ट्रात हा दर 2024-25 मध्ये 297 रुपये होता, 2025-26 मध्ये 312 झाला. पंधरा रुपये, म्हणजे पाच टक्के. या निर्देशांकाची जुनी मालिका 1986-87 ची होती आणि तिच्यात अन्नाचं वजन 69 टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे मजुराच्या घरात मोबाइल आला, दुचाकी आली, मुलं शिकवणीला जायला लागली, तरी त्या घराचं मोजमाप जवळपास चार दशकांपूर्वीच्या ताटावरून होत राहिलं. 2025 साली 2019 चं आधारवर्ष असलेली नवी मालिका आली, तीही फार उशिरा. आणि शेतकरी? त्याच्या हाती हमीभाव, तोही खरेदी केंद्र सुरू असेल, नोंदणी झाली असेल आणि मालात ओल ठरल्यापेक्षा जास्त नसेल तर. भाववाढीची झळ आपोआप भरून देणारी कुठलीही सोय त्याच्यासाठी नाही. तिघांत सगळ्यात उघडा तोच.

म्हणून शेतकरी घराने आपला निर्देशांक आपणच काढावा. त्याला मोठं शिक्षण लागत नाही. शंभर पानी वही पुरते.

पहिल्या पानावर महिन्याच्या वस्तू लिहा, त्यांच्या नेहमीच्या मापासकट. माप महत्त्वाचं. 'तेल 600 रुपये' असं लिहून उपयोग नाही, 'तेल 4 किलो' असं लिहा. पुढे दोन रकाने, मागच्या वर्षीचा भाव आणि या वर्षीचा. मापं दोन्हीकडे तीच ठेवायची, भाव फक्त बदलायचे. सरकारी निर्देशांकही मुळात याच रीतीने निघतो. माप बदललं तर महागाई वाढली की आपली हौस, हे सांगता येणार नाही.

समजण्यासाठी एक कल्पित घर घेऊ. तेल 4 किलो, 130 चं 165 झालं. तूरडाळ 3 किलो, 160 वरून 115 वर आली. साखर 5 किलो, 42 ची 44. महिन्याची भाजी 900 ची 760. दूध 20 लिटर, 50 चं 54. गॅस 820 चा 870. दोन मोबाइलचं रिचार्ज 480 चं 600. एसटी आणि रिक्षा 600 चे 690. दवाखाना 700 चा 800, शिकवणी 1,000 ची 1,100. बेरीज करा. मागच्या वर्षी 6,710, या वर्षी त्याच मापाला 7,125. वाढ 415 रुपयांची. 415 ला 6,710 ने भागून शंभराने गुणलं की 6.18 टक्के. ही या घराची महागाई.

आता हा आकडा उलगडून बघा, कारण खरी माहिती त्याच्या पोटात आहे. डाळ आणि भाजी मिळून 275 रुपयांनी स्वस्त झाली. बाकी आठ बाबी 690 रुपयांनी चढल्या. उदाहरणातले भाव मी धरलेले असले तरी त्यांची दिशा मनाची नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, तेल चढलं. मे 2025 च्या अखेरीस ते साडेसोळा टक्क्यांवर आणलं. जुलै 2024 मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. एप्रिल 2025 मध्ये घरगुती सिलिंडर 50 रुपयांनी महागला. तुरीची शुल्कमुक्त आयात सुरू राहिली, डाळ उतरली. म्हणजे खाली आलेल्या वस्तू आपण पिकवतो त्या, आणि वर गेलेल्या बहुतेक बाहेरून येणाऱ्या. ज्या घरात ही वही असते त्या घराला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

घरची ज्वारी, घरचं दूध, घरची डाळ यांनाही वहीत जागा द्या, गावात जो भाव चालू असेल तो धरून. सरकारच्या खर्च सर्वेक्षणातही घरच्या मालाची किंमत धरली जाते. ती सोडली तर शेतकरी घर आहे त्यापेक्षा गरीब दिसतं. पाकिटांवर मात्र बारीक नजर असू द्या. पाच-दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच-दहाचाच राहतो आणि आतला माल घटतो. किंमत तीच दिसते म्हणून वहीत महागाई उतरत नाही. पाकिटबंद मालावर आता ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापण्याचा नियम आहे. तो दर वाचून लिहावा. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तो फायदा आपल्यापर्यंत पोचला का, हेही ग्रॅमच्या दरावरूनच कळेल.

वहीच्या दुसऱ्या बाजूला विक्री. इथे टक्केवारीपेक्षा एक साधं माप जास्त बोलकं आहे. एका क्विंटलात काय येतं? आपल्याला नेहमी लागणाऱ्या चार गोष्टी निवडा. डीएपीची गोणी, तेलाचा डबा, निंदणीचा रोज, सिलिंडर. दरवर्षी माल विकला की पट्टीच्या मागे लिहून ठेवा की एका क्विंटलात या किती आल्या. ऑगस्ट 2021 मध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेलं, डीएपीची गोणी तेव्हा 1,200 ला होती. क्विंटलात आठ गोण्या. 2024 च्या हंगामात सोयाबीन चार हजारांच्या थोडं वर रेंगाळलं, गोणी 1,350. क्विंटलात तीन. 2021 चा तो भाव हंगाम संपल्यावरचा होता, माल फार थोड्यांकडे शिल्लक होता, हे खरं. तरीही आठावरून तीन ही घसरण महागाईच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही. त्या काळात देशाची महागाई साडेतीन ते आठ टक्क्यांमध्ये फिरत होती.

पट्टीवरचा भाव लिहिताना हातात आलेली रक्कम लिहा. ओल आणि मातीपोटी कापलेलं, हमाली, तोलाई आणि भाडं वजा करून. बाजारभावाच्या पाटीवरचा आकडा आणि खिशातला आकडा यांत क्विंटलमागे शे-दीडशेचा फरक सहज पडतो.

खर्चाच्या आकड्यांकडे वळू. खर्चावरून माणसाची स्थिती मोजण्याचं मोठं काम मराठी अर्थतज्ज्ञांनी केलेलं आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात 1960-61 च्या भावांनी ग्रामीण माणसाला महिन्याला किमान 15 रुपये आणि शहरी माणसाला साडेबावीस रुपये खर्च लागतो, असं धरलं होतं. उत्पन्न माणूस नीट सांगत नाही, पुष्कळदा त्याला सांगताही येत नाही. खर्च सांगता येतो. त्याच परंपरेतलं 2023-24 चं कुटुंब खर्च सर्वेक्षण सांगतं की ग्रामीण भारतात माणशी महिना सरासरी 4,122 रुपये खर्च होतो, शहरात 6,996. पाच माणसांच्या गावातल्या घराला 20,610. आपल्या वहीतली बेरीज याच्याशी ताडून पाहा. पण ही सरासरी आहे. त्याच सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या तळच्या पाच टक्के लोकांचा खर्च माणशी 1,677 रुपये आहे आणि वरच्या पाच टक्क्यांचा 10,137.

या सर्वेक्षणातला सगळ्यात उपयोगी आकडा मला अन्नाच्या वाट्याचा वाटतो. 1999-2000 मध्ये ग्रामीण घराच्या शंभर रुपयांतले 59 रुपये खाण्यावर जात, 2023-24 मध्ये 47. एकट्या धान्याचा वाटा 22 वरून 5 वर आला. एर्न्स्ट एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली दाखवलं होतं की घर जसं सुधारतं तसा अन्नाचा वाटा घटतो. त्या अर्थाने ही सुधारणा आहे, आणि ती मोठी आहे. तुमच्या वहीतला हा वाटा काढा. साठच्या वर असेल तर एखादं आजारपणही घराला झेपणार नाही. पण वाटा खाली आला म्हणून लगेच खूश होऊ नका. तो कशामुळे आला ते बघा. मुलीच्या शिक्षणाचा खर्च वाढून अन्नाचा वाटा घटला तर ती प्रगती. दवाखान्याच्या बिलामुळे घटला तर दूध बंद झालं असण्याची शक्यता जास्त. खर्च वाढण्याची कारणं तीन. भाव वाढतात, गरज येऊन पडते किंवा हात मोकळा होतो. तिसऱ्या कारणाने वाढलेला खर्चच तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. वहीत प्रत्येक मोठ्या खर्चापुढे भ, ग किंवा ह एवढं एक अक्षर लिहिलं तरी वर्षअखेर चित्र स्पष्ट होतं.

गावाची तब्येत पाहायची तर दुचाकीच्या आणि ट्रॅक्टरच्या खपावर फार विसंबू नये. ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 वर आल्यावर खप वाढणारच, आणि बरीचशी वाहनं हप्त्यावर येतात. मला किराणा दुकानाची उधारीची वही जास्त खरी वाटते. उधारी गावात कायमच असते. बघायचं ते ती किती दिवसांत फिटते. सोयाबीनची पट्टी आल्यावर दिवाळीत फिटणारी उधारी तुरीवर गेली, तुरीवरून हळदीवर गेली, तर गावाचा हात आखडलेला आहे. महिन्याचं सामान किलोने भरणारी घरं पुड्यांवर आली का, हेही दुकानदाराला पहिलं कळतं. बचत गटाचा हप्ता कोणत्या महिन्यात चुकतो ते गटाच्या अध्यक्षताईंना ठाऊक असतं. सराफाकडे दागिने करायला जाणारे जास्त की गहाण ठेवायला जाणारे, हे सराफ सांगतो. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल किती ठरतं यावरून मजुरीची ओढ कळते.

नरसीला आणखी एक निरीक्षणाची जागा आपसूक मिळालेली आहे. संत नामदेवांच्या जन्मगावी आषाढ वद्य एकादशीला परतवारी भरते, पंढरपूर करून परतणारे वारकरी मराठवाड्या-विदर्भातून इथे येतात. पेरण्या झालेल्या असतात, घरातला पैसा बी-खतात गेलेला असतो आणि नवं पीक लांब असतं. म्हणजे वर्षातला सगळ्यात ओढीचा काळ. अशा वेळी प्रसादाचं, खेळण्यांचं, भांड्यांचं दुकान लावणाऱ्यांची विक्री मागच्या वर्षीच्या मानाने कशी झाली, हे दरवर्षी त्याच पाच-सहा दुकानदारांना विचारून ग्रामपंचायतीने किंवा शाळेच्या वरच्या वर्गाने लिहून ठेवावं. गर्दी भक्तीची असते, ती मोजून उपयोग नाही. गिऱ्हाईकामागची विक्री विचारावी. पाच वर्षांत गावाचा स्वतःचा निर्देशांक तयार होईल.

हे सगळं लिहून निर्णयात काय फरक पडतो? देशाची महागाई उतरली की रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवते. तिचं उद्दिष्ट चार टक्के, खाली-वर दोन. फेब्रुवारी 2025 मध्ये साडेसहावर असलेला रेपो दर त्या डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. बदलत्या व्याजाचं घरकर्ज असेल तर बँकेत जाऊन हप्ता किंवा मुदत कमी करून मागा. पीककर्जाला या दराचा फारसा संबंध नाही. ते वेळेत फेडलं तरच व्याज सवलत मिळते, म्हणून वहीत फेडीची तारीख लाल शाईने.

आणि विक्रीचा निर्णय. अन्नाची महागाई शून्याखाली असेल, आपल्या क्विंटलात नेहमीपेक्षा कमी गोण्या येत असतील आणि घरखर्चाला पैसे हवेच असतील, तर सगळा माल काट्यावर घालू नये. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर, हळद गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळतं. चार हजारांच्या क्विंटलवर तीन हजार हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज नव्वद रुपये. भाव शंभराने जरी सुधारला तरी व्याज निघतं. मात्र सुधारेलच असं नाही. आयात शुल्क कमी झालं की भाव आणखी बसतो. म्हणून वहीत तीन-चार हंगामांचे आकडे असावेत. खळं झाल्यावर माघ-फाल्गुनापर्यंत आपल्या बाजारात भाव किती वेळा चढला आणि किती वेळा उतरला, ते बघून निम्मा माल ठेवायचा की पाव, हे ठरवावं. आपल्या समितीत गोदामाला जागा आणि निधी आहे का, याची चौकशी मळणीच्या आधी करावी. खळं झाल्यावर रांग लागते.